डाव्या अंगाला

कोल्हापूर,
११ जुलै २०२५

प्रिय आक्का,

पाया पडते. आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुम्ही तिकडे कसे आहात ते कळायला तू फोन उचलायला हवास. तो तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं, तर खिडकीतल्या मुलीनं आधी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि मग कपाट उघडलं.

राधानगरीला पाऊस धो धो असणार. इथं लोक सकाळी दूध घ्यायला आले की एकमेकांना तुमच्या धरणाचं पाणी कुठवर आलं ते विचारतात. धरणाशेजारच्या माणसांचं कुणी विचारत नाही. मी माणसाचं विचारते आहे. काय बिनसलंय तुझं?

मागच्या फोनला तर तू स्वतःहून खाटेचं सांगितलंस. किती हळू बोलत होतीस! दाजी शेजारी झोपले होते का? त्यात तुमच्याकडे रेंजची बोंब. तरी मला कळलं, डाव्या अंगाला खाट आलीया. मी म्हटलं, बरं झालं बाई, आली एकदाची. दिवाळीपासून कंबर धरून खाट-खाट करत होतीस. मोठी आहे का विचारलं, तर बारकी हाय म्हणालीस. मग मी म्हणाले, बारकी कशाला, मोठीच घ्यायची की, आता काय ओढून वाढवणार आहेस? आणि आधी नारळ फोड म्हटलं. एवढ्यावरून राग? दाजींनी हौसेनं आणली आणि मेहुणीनं नावं ठेवली, असं झालं का? तसं असेल तर चुकलं माझं. बारकी तर बारकी. तुझ्या कंबरेला आराम पडला म्हणजे झालं. पण तू फोन ठेवलास तो ठेवलासच. तुझ्या अनुजाला मेसेज केला. ती बँकेतून 'विचारते' म्हणाली आणि तीही गप्प.

बरं, शाळेचं सांगते. यंदा मला पाचवीचं इंग्रजी आहे. वर्ग गोड आहे, पण प्रत्येक पोर स्वतःला मुख्याध्यापक समजतं. सध्या एकसारखे ऐकू येणारे शब्द चाललेत. म्हणजे कानाला एकच, पण स्पेलिंग निराळं आणि अर्थही निराळा. सूर्य तो पण सन आणि मुलगा तो पण सन. पोरांनी त्यांची नावंच पाडली आहेत, यूवाला सन आणि ओवाला सन. वर्गात तमन्ना म्हणून एक मुलगी आहे, दोन वेण्या आणि तोंडाचा पट्टा. ती म्हणाली, "बाई, तिसराबी हाय की. दिवाळीचा सण!" मी म्हटलं, तो आपला घरचा, त्याला इंग्रजीत नेऊ नको.

दुसऱ्या दिवशी मीट घेतलं. भेटणं ते मीट आणि खायचं तेही मीट. राजवर्धननं लगेच हात वर केला. "बाई, म्हंजे 'नाइस टू मीट यू' हे पावणं आल्यावर मटान झ्याक झाल्यावर म्हणायचं न्हवं?" सगळा वर्ग व्हय-व्हय म्हणाला. आता यांना कसं समजावायचं? कोल्हापुरात भेट आणि मटण वेगळं काढणं मलाही जमलेलं नाही.

खरी गंमत फ्लॉवरची झाली. पीठ तेही फ्लॉवर आणि फूल तेही फ्लॉवर. घरून चित्र काढून आणा म्हटलं. तर निम्म्या वर्गानं भाजीतला फ्लॉवर काढून आणला. उजैरनं तर त्याच्या अम्मीचं चित्र काढलं आहे. अंबाड्यात एवढा मोठा फ्लॉवरचा गड्डा खोचलाय, हिरव्या पानांसकट. खाली इंग्रजीत वाक्य लिहिलंय, माझी आई केसात फ्लॉवर घालते. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर. मार्क कशाचे कापणार? मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. ते चित्र मी कपाटाला चिकटवलं आहे.

मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. शब्द एकटा उभा केला तर देवालाही कळायचं नाही तो कोण. त्याच्या शेजारचे शब्द बघा, म्हणजे ओळख पटते. आणि स्पेलिंगला खुणा शोधा. ऐकणं या अर्थाचा हिअर लिहायचा असेल तर त्यात इअर आहे, कान आहे, तो विसरायचा नाही. इथे या अर्थाच्या हिअरला कान नाही. हे मात्र सगळ्यांच्या पक्कं लक्षात राहिलं. आता तास सुरू झाला की पोरं कान पकडून बसतात.

हल्ली मी खुर्चीत बसून शिकवत नाही, बाकांमधून फिरते. पंखे फार खडखडतात आणि मागची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात. जवळ गेलेलं बरं. घरी आमचे हे म्हणतात की मी टीव्हीचा आवाज एवढा ठेवते की बातम्या गल्लीला ऐकू जातात. त्यांचं काय, त्यांना सगळंच मोठ्यानं वाटतं.

राग गेला की कळव. फोनपेक्षा मेसेज कर किंवा चार ओळी लिही. फोनवर निम्मं कळतच नाही, तुमच्याकडची रेंज तुला ठाऊक आहे. दाजींना नमस्कार. आणि त्या खाटेला नावं ठेवल्याबद्दल एक डाव माफी.

तुझी धाकटी,
क्रांती



कोल्हापूर,
२ ऑगस्ट

आक्का,

या खेपेला खुशाली विचारत नाही. मला कळली आहे. हे पत्र पोस्टात टाकायचा धीर नव्हता, म्हणून अनुजाच्या हाती देते आहे. ती समोर बसून तुला वाचायला लावेल. टाकून देऊ नकोस. शेवटपर्यंत वाच आणि मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

परवा मधल्या सुट्टीत अनुजा शाळेत आली. बँकेतून तशीच आली होती, गळ्यात ओळखपत्र आणि डोळे सुजलेले. मी म्हटलं, ये गं, चहा घे. ती हलली नाही.

"मावशी, असं कसं बोललीस गं तू आईला?"

मला वाटलं, अजून खाटच चालू आहे. म्हटलं, "अगं, माफी मागितली की पत्रात. बारकी तर बारकी."

तशी ती रडायलाच लागली. "बारकी तर बारकी? मावशी, आईला गाठ आलीया, गाठ! तिनं पैल्यांदा तुला सांगितलं. बाबांनाबी न्हाय, मलाबी न्हाय. आणि तू म्हणालीस मोठीच घ्यायची की? नारळ फोड म्हणालीस?"

आणि तिनं हात स्वतःच्या छातीवर ठेवला, डाव्या अंगाला.

आक्का, मी शाळेच्या पायरीवर बसले. पोरं पळत होती, घंटा झाली असणार, कारण सगळी वर्गाकडे वळली. मी तिला म्हटलं, अनुजा, मला खाट ऐकू आलं. मी पुन्हा म्हटलं, मला गाठ नाही ऐकू आलं गं, खाट ऐकू आलं. ते वाक्य मी किती वेळा म्हटलं कुणास ठाऊक. मग ती माझ्याशेजारी बसली आणि तिनं मला बाकीचं सांगितलं.

तू गप्प झालीस आणि माझं आधीचं पत्र न फोडताच ठेवून दिलंस, हे सांगितलं. सख्खी बहीणच हसतीया म्हटल्यावर तू कुणालाच काही बोलली नाहीस. सगळा आखाड ती गाठ पदराखाली घेऊन म्हशींच्या धारा काढल्यास, चिखलात रोपं लावायला गेलीस, घरच्यांना वेळेवर जेवायला घातलंस. अनुजा सुट्टीला आली आणि तुला आरशासमोर हळदीचा लेप लावताना तिनं पाहिलं, म्हणून तरी कळलं. नाहीतर अजून किती दिवस घालवले असतेस? डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तर बरं होतं. अनुजानं ते दबकत सांगितलं. पण मी तिच्या तोंडाकडे बघत होते, मला समजलं.

आता तुला ते सांगते, जे मी घरात ह्यांनाही सांगितलं नव्हतं. मला कमी ऐकू येतं. गेल्या वर्षापासून. आधी पाखरांचे आवाज गेले, ते मला कळलंही नाही. मग कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या. मग माणसं तोंडातल्या तोंडात बोलायला लागली, असं मला वाटायचं. तुमच्याकडे रेंज नाही म्हणायची ना मी? रेंज चांगली होती. वर्गातले पंखेही काही खडखडत नाहीत. समोर माणूस असलं की त्याचं तोंड बघून मी चुकलेलं भरून काढते. फोनवर तोंड दिसत नाही, तिथं मी अंदाजानं व्हय-न्हाय करते.

कानाच्या डॉक्टरांकडे काल जाऊन आले. काचेच्या खोलीत बसवतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. मी परीक्षेला बसल्यासारखी बसले होते, आणि बराच वेळ नुसतीच बसले होते. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. म्हणजे 'आ' कळतो, त्याच्या मागचं-पुढचं अक्षर मी मनानं लावते. गाठ, खाट, काठ, वाट, भात, ही सगळी मला एकाच आईची लेकरं.

आणि मी पोरांना काय शिकवत होते? शब्द कळला नाही तर शेजारचे शब्द बघा. मी तेच केलं गं. डाव्या अंगाला म्हणालीस, मी खोलीची डावी बाजू धरली. आलीया म्हणालीस, मी टेम्पोतून उतरवलेली खाट बघितली. बारकी म्हणालीस, तेही जुळलं. एकूण एक शब्द जुळला. तुला रडू येत होतं का तेव्हा? ते शब्दांत नव्हतं, म्हणून मला सापडलं नाही. तू आयुष्यभर मोठ्यानं बोललीस. पाणंदीच्या टोकाला तू हाक मारलीस तर दुसऱ्या टोकाच्या म्हशी मान वर करायच्या. जन्मात एकदाच हळू बोललीस, ते माझ्यापाशी, आणि तेच मला ऐकू आलं नाही.

तू विचारशील, मग लपवलंस कशाला? भीती वाटली. इंग्रजी शिकवणारी बाई, त्यातून शब्द कसे ऐकू येतात ते शिकवणारी. कळलं तर वर्ग काढून घेतील, ऑफिसात कागद लावायला बसवतील. ती फ्लॉवर खोचलेली अम्मी, तो मटणवाला राजवर्धन, हे सगळं मला हवं होतं. म्हणून मी हसून वेळ मारून नेत राहिले. हसण्यानं पुष्कळ निभावतं. कुणी काहीही सांगितलं की हसायचं आणि छान म्हणायचं. दहातल्या नऊ गोष्टींना ते चालतं.

अनुजा गेल्यावर मी वर्गात गेले. काय शिकवणार होते? म्हटलं, तुम्हीच जोड्या सांगा, मी फळ्यावर लिहिते. उजैर शेवटच्या बाकावरून उठला आणि दोन शब्द बोलला. मला दोन्ही एकच ऐकू आले. मी शाबास म्हटलं आणि लिहिलं, शेपटीवाला टेल आणि गोष्टवाला टेल. वळले तर वर्ग चिडीचूप. एकही पोर हसलं नाही, आणि उजैर खाली बघत होता.

तमन्ना उठून माझ्या टेबलापाशी आली, अगदी समोर उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाई, ह्यो टेल आणि सेल म्हणालाता. मुद्दाम. आमी त्याला नगं म्हणलंतं."

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक आहे?"

"व्हय की. तुमी तोंडाकडं बघत ऐकताय. आमचं ठरलंय बाई, फळ्याकडं तोंड करून कुणी बोलायचं न्हाय, आणि तोंडावर हात ठेवायचा न्हाय. पैल्या चाचणीपास्नं ठरलंय."

आक्का, मी ज्यांच्यापासून लपवत होते, ती पोरं माझ्याकडे तोंड करून बोलत होती आणि मला वाटत होतं, किती शहाणा वर्ग मिळालाय. उजैर आला, म्हणाला, "सॉरी बाई, मला बघायचंतं खरं हाय का." मी त्याला जवळ घेतलं आणि वर्गासमोर रडले. बाईंनी वर्गात रडू नये हे मला कळतं, पण त्या दिवशी ते तुझ्यासाठीचं रडू होतं आणि ते तिथं निघालं. राजवर्धननं स्वतःची पाण्याची बाटली आणून दिली.

हेडसरांना त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, यंत्र लावा आणि शिकवा की, माझ्या डोळ्यावर चष्मा न्हाय व्हय? एवढ्यासाठी मी वर्षभर जीव टांगणीला लावला होता. घरी ह्यांना सांगितलं, तर ते उठले आणि टीव्हीचा आवाज त्यांनी स्वतः वाढवला. यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल. डॉक्टर म्हणाले, सवय व्हायला वेळ लागेल, सगळं पूर्वीसारखं येणार नाही.

आता तुझं. अनुजा सांगत होती, येत्या गुरुवारी ऑपरेशन. आणि तू बजावलं आहेस म्हणे, "क्रांतीला न्हाय बोलवायचं. तिच्यासमोर मी न्हाय जाणार, मेलो तरी." तुझा राग खरा आहे. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते, फक्त एवढ्या मोठ्यानं नाही.

पण मला भीती वाटते गं. गाठीची वाटते, रिपोर्टाची वाटते. आणि त्याहून जास्त याची वाटते, की माझं ते 'मोठीच घ्यायची की' कानात घेऊन तू त्या टेबलावर जाशील. ते नेऊ नकोस. ते मी तुला म्हणालेच नाही. मी ते एका लाकडाच्या खाटेला म्हणाले. तुझ्या गाठीला मी काय म्हणाले असते ते तुला ठाऊक आहे. मी फोन तिथंच टाकला असता, पायात चप्पल न घालता स्टँडवर आले असते आणि राधानगरीच्या गाडीत बसले असते. दाजींच्या आधी तू मला सांगितलंस, आक्का. आई गेल्यापासून तू कुणाला कसलं दुखणं म्हणून सांगितलं नव्हतंस, आणि मला सांगितलंस. ते पुन्हा एकदा सांग. माझ्यासमोर बसून सांग. जेवढं हळू सांगायचं तेवढं सांग, पण तोंड माझ्याकडे कर.

मी रजा टाकली आहे. बुधवारी तू दवाखान्यात दाखल होशील तेव्हा मी तिथं असेन. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. भिंतीकडे तोंड करून पड. मी पलीकडून फिरून येऊन समोर बसेन, मला आता समोर बसायची सवय झाली आहे. वेणी घालून देईन, पाय चेपून देईन. तू ओरडलीस तर उलट बरं, ते मला स्वच्छ कळतं.

आणि 'येऊ नको' म्हणणार असलीस, तर कितीही मोठ्यानं म्हण, ते मला ऐकू येणार नाही.

तुझी बहिरी बहीण,
क्रांती